जहाज बंदराला लागते तेव्हा

दारव्ह्याहून समुद्र सहाशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. आमच्याकडे पाण्याचे प्रश्न असतात ते विहिरीचे, बोअरचे, फार तर अडाण नदीचे. म्हणून तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने क्रूझ जहाजावर हाउसकीपिंगची नोकरी धरली, तेव्हा घरात कोणालाच काही कळले नाही. माझी बहीण एवढेच म्हणाली, "जहाजावर राह्यते म्हंजे पगार वाचते." तेही खरेच.

मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. एका जिनिंगमध्ये हिशेबनीस म्हणून पंचवीस वर्षे काढली आणि त्या निमित्ताने कापसाच्या वाहतुकीची जुनी कागदपत्रे जमवत गेलो. कापूस कुठून निघाला आणि कुठल्या बंदरावर पोचला, हे शोधता शोधता बंदरांविषयी वाचण्याची सवय लागली. भाचा पहिल्या करारानंतर सुटीवर आला, तेव्हा मी त्याला सहज विचारले, "जहाज बंदरात लागलं की तुम्हाला सुटी असते का रे?" तो हसला. म्हणाला, "मामा, समुद्रात असलो का आराम असते. बंदर आलं का मरण."

हे उत्तर मला उलटे वाटले. मालाची ने-आण मी कागदावर पाहत आलो होतो. बंदर म्हणजे प्रवासाचा शेवट, असेच डोक्यात बसलेले. मग मी त्याला एका दिवसाचा तासवार हिशेब लिहून मागितला. पुढे त्याच्या ओळखीने पुसद, दिग्रस, वणी, नागपूर इकडच्या आणखी सात-आठ मुलांशी फोनवर बोललो, नियम वाचले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहे. आपल्या भागातून आता हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुले या वाटेने जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईबापांना निदान कामाचे स्वरूप माहीत असावे, एवढाच हेतू.

दोन प्रकारचे दिवस

क्रूझ जहाजावरच्या माणसासाठी बंदरातले दिवस दोन प्रकारचे असतात. एक, जिथे जुने प्रवासी उतरतात आणि नवे चढतात तो दिवस. मुले त्याला 'टर्नअराउंड' म्हणतात. आपण पालटाचा दिवस म्हणू. दुसरा, जिथे प्रवासी सकाळी गाव पाहायला उतरतात आणि संध्याकाळी त्याच जहाजावर परततात तो थांब्याचा दिवस.

पालटाचा दिवस खरे म्हणजे आदल्या रात्रीच सुरू होतो. प्रवासी आपल्या मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवतात. त्या रात्रीतून खाली उतरवायच्या, मजल्याप्रमाणे आणि रंगीत पट्ट्यांप्रमाणे लावायच्या. पहाटे पाचच्या सुमारास जहाज धक्क्याला लागते. बंदराचे, कस्टमचे आणि इमिग्रेशनचे अधिकारी येतात, कागदपत्रे पाहतात, मगच पायवाट उघडते. साडेनऊपर्यंत बहुतेक प्रवासी उतरलेले असतात आणि अकरा-साडेअकराला नवे चढू लागतात. मधले जेमतेम दीड-दोन तास हाताशी.

एका खोलीवाल्याकडे साधारण पंधरा ते वीस खोल्या असतात. प्रत्येक खोलीतली चादर, उशांचे अभ्रे, टॉवेल काढायचे, गाठोडी बांधून धोबीखान्याकडे पाठवायची, न्हाणीघर घासायचे, कपाटातली तिजोरी तपासायची, राहिलेल्या वस्तू जमा करायच्या आणि खोली अशी करायची, की इथे सकाळपर्यंत कोणी राहत होते असे वाटू नये. भाचा म्हणतो, पहिल्या महिन्यात बोटांची नखे दुखायची. गादी उचलून चादर खाली दाबायची असते ना, त्याने.

त्याच वेळी जहाजाच्या पोटात वेगळीच धावपळ चालू असते. धक्क्यावरून फोर्कलिफ्ट लाकडी फळ्यांवर रचलेला माल आत ढकलत असतात. पीठ, मांस, भाजी, दारू, कागदी रुमाल, आठवडाभराचे सगळे. दुसऱ्या बाजूने कचरा उतरतो. पाणी आणि इंधन भरले जाते. या सगळ्याची रहदारी खालच्या मजल्यावरच्या एका लांबलचक बोळातून चालते. हा बोळ जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि पुष्कळ जहाजांवर त्याला 'आय-९५' म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने फ्लोरिडापासून मेनपर्यंत जाणाऱ्या महामार्गाचे हे नाव. गंमत म्हणजे अमेरिकन बंदरात जहाजी माणसाला पाय ठेवायला जो परवाना मिळतो, त्या फॉर्मचा क्रमांकही आय-९५च आहे. एक बोळ कामाचा, एक कागद सुटकेचा, आणि नाव एकच.

दुपारी खोल्या उघडतात. चारच्या सुमारास नव्या प्रवाशांना संकटकाळी कुठे जमायचे ते दाखवले जाते, पाचच्या आसपास जहाज सुटते. तेवढ्यात संपत नाही. प्रवासी रात्रीच्या जेवणाला गेले, की खोल्यांची दुसरी फेरी असते. पहाटे साडेपाचला उठलेला माणूस रात्री साडेनऊ-दहाला मोकळा होतो. मधल्या सुट्या वजा केल्या, तर बारा तासांच्या आसपास काम भरते. आठवड्याची सुटी हा प्रकार जहाजावर नाही. करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि तेवढे दिवस सलग काम असते.

रोम न पाहिलेली माणसे

थांब्याचा दिवस बाहेरून सोपा वाटतो. प्रवासी आठ-नऊपर्यंत उतरून जातात, जहाज ओस पडते. तरीही ते पूर्ण रिकामे करता येत नाही. बंदरात आग लागली किंवा जहाज तातडीने हलवावे लागले, तर त्यासाठी ठरावीक माणसे जहाजावर असलीच पाहिजेत. त्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. या पाळीला मुले 'आयपीएम' म्हणतात, म्हणजे बंदरातला राखणीचा वार. आपला वार असेल त्या दिवशी काम असो वा नसो, उतरायचे नाही.

दुसरी अडचण सरावाची. आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांप्रमाणे प्रवासी जहाजावर दर आठवड्याला आग विझवण्याचा आणि जहाज सोडण्याचा सराव करावा लागतो, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून निदान एकदा दोन्हींत भाग घ्यायचा असतो. प्रत्येक जीवनौका दर तीन महिन्यांनी निदान एकदा पाण्यात उतरवून चालवून पाहायची असते. हे सगळे करायला प्रवासी नसलेली वेळ आणि शांत पाणी लागते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या बंदरात. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास सात आखूड आणि एक लांब असा भोंगा होतो आणि झाडू हातात असलेला मुलगा जीवरक्षक जाकीट घालून आपल्या ठिकाणी उभा राहतो. त्या वेळी तो खोलीवाला नसतो. कुठल्या तरी जिन्यावर माणसांना वाट दाखवणारा असतो.

हा सराव कंटाळवाणा असतो, असे सगळीच मुले म्हणाली. मी त्यांना कोस्टा कॉन्कॉर्डियाची आठवण दिली. १३ जानेवारी २०१२ रोजी हे जहाज इटलीतल्या चिविताव्हेकिया बंदरातून निघाले आणि त्याच रात्री जिलियो बेटाजवळ खडकावर आदळले. ३२ माणसे गेली. त्या दिवशी चिविताव्हेकियाला चढलेल्या प्रवाशांचा सराव अजून झालेला नव्हता. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. पुढे नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून प्रवाशांचा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. त्या ३२ जणांत मुंबईचा वेटर रसेल रिबेलो होता. सगळ्यांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याचे अवशेष सापडले. पालटाच्या दिवशी चार वाजता जो कार्यक्रम होतो, त्याच्या मागे एवढे सगळे आहे.

काम उरकून, राखणीचा वार नसेल आणि सराव नसेल, तर मुलाला दुपारी एक ते चार-साडेचार एवढा वेळ मिळतो. जहाज सुटण्याच्या बरेच आधी कर्मचाऱ्याला परत यावे लागते. पायवाटेवर कार्ड दाखवून जायचे, कार्ड दाखवून यायचे. भाच्याला मी विचारले, "चिविताव्हेकिया म्हणजे रोमचं बंदर. रोम पाहिलं असशील?"

"सोळा-सतरा खेपा लागलो तिथं. रोम नाही पाह्यलं, मामा. गाडीनं जाऊन येऊनच तीन तास जाते. पाहाले काय उरते?"

मग करतोस काय? पहिली गोष्ट, फुकटचे वायफाय शोधायचे. दुसरी, घरी पैसे पाठवायचे. तिसरी, दाढीचे सामान, साबण, कुठे मिळालेच तर लोणच्याची बाटली. बरेचदा तो उतरतच नाही, झोपतो. इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. म्हणजे त्याची दुपारची मोकळी वेळ आणि माझ्या बहिणीची दिवेलागण एकाच वेळी येते. ती त्या वेळी ओट्यावर फोन घेऊन बसते. तिला बंदरांची नावे येत नाहीत, पण आठवड्यातले कोणते वार बंदराचे ते पाठ आहे.

कोळसा आणि खलाशी

हे आजचे आहे असे नाही. वाफेच्या जहाजांच्या काळात पोर्ट सैदला किंवा एडनला कोळसा भरायला जहाज थांबे. धूळ इतकी उडे, की दारे-खिडक्या बंद करून प्रवाशांना किनाऱ्यावर बाजार पाहायला पाठवत. ते परत येईपर्यंत जहाज धुऊन, पुसून तयार ठेवण्याचे काम खलाशांकडे. प्रवाशाची सहल आणि कर्मचाऱ्याचे जास्तीचे काम यांची जोडी तेव्हापासूनची आहे. कोळशाची जागा चादरींनी घेतली, एवढेच.

त्या जहाजांवर आपल्या किनाऱ्याची माणसे पुष्कळ होती. रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान डेकवर, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. जेवणघरात आणि केबिनीत गोव्याचे लोक. आज आमच्या दिग्रसचा मुलगा जे काम करतो, ते पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर गोव्याचा माणूस शंभर वर्षांपूर्वी करत होता. हिंदी खलाशांची भरती 'एशियाटिक आर्टिकल्स' नावाच्या वेगळ्या करारावर होई आणि त्यात पगार, जागा, शिधा सगळेच गोऱ्या खलाशापेक्षा कमी.

गोव्याच्या लोकांनी यावर आपल्या परीने एक व्यवस्था उभारली. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात त्यांच्या गावागावांचे 'कूड' होते. काही अजून आहेत. एका गावची माणसे, एक मोठी खोली, भिंतीला लावलेल्या पेट्या, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. जहाज मिळेपर्यंत माणूस तिथे नाममात्र पैशांत राही आणि कोणती कंपनी बरी, कोणता दलाल फसवतो, हे जुन्यांकडून त्याला कळे. गोवा सरकारने २०१२ मध्ये निवृत्त जहाजी आणि त्यांच्या विधवांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली, यालाही या जुन्या परंपरेचे बळ असणार.

मुंबईत मशीद बंदरजवळ 'इंडियन सेलर्स होम' आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे. मी तिथे गेलो होतो तेव्हा त्या पितळी पाट्यांवर आमच्या वऱ्हाडातले एखादे नाव मिळते का, म्हणून उगाच शोधत राहिलो. मिळाले नाही. आमच्याकडून तेव्हा माणसे जात नव्हती, कापूस जात होता. किलिक निक्सन कंपनीची नॅरो गेज 'शकुंतला' यवतमाळहून दारव्हा मोतीबागमार्गे मुर्तिजापूरला कापूस नेई, तिथून तो मुख्य मार्गाने मुंबईच्या गोदीत जाई. शकुंतला आता धावत नाही. कापसाला भाव नाही म्हणून आता शेतकऱ्याचा मुलगा त्याच वाटेने बंदरावर जातो आहे.

गेल्या वर्षी मी बॅलार्ड पिअरलाही जाऊन आलो. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली; कोरोनात तिची कंपनी बुडाली आणि जहाज अलंगला भंगारात गेले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' मुंबईहून फिरू लागले. ते १९९० सालचे जहाज आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मी ग्रीन गेटच्या बाहेर उभा होतो. टॅक्सीतून चाकांच्या बॅगा घेऊन माणसे उतरत होती. दुपारी उन्हात एका भिंतीच्या सावलीला गणवेशातली तीन मुले फोन कानाला लावून बसली होती. कोणती भाषा ते ऐकू आले नाही.

नियम काय सांगतो

आता मुद्द्याचे. 'समुद्री श्रम करार २००६' हा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात विश्रांतीचे किमान प्रमाण ठरले आहे. कोणत्याही चोवीस तासांत दहा तास आणि कोणत्याही सात दिवसांत ७७ तास. दिवसाची विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत विभागायची नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा.

हिशेबनिसाच्या नजरेने हे आकडे पाहिले, तर आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे रोज तेरा तास काम घेतले, तरी एवढ्यापुरता नियम मोडत नाही. आमच्या जिनिंगमध्ये हंगामातही असे तास कोणी महिनोन्महिने भरले नसते.

खरी मेख तुकड्यांत आहे. सकाळी काम, दहाला सराव, अकराला पुन्हा काम, दुपारी दोन तास मोकळे, मग परत संध्याकाळची फेरी; अशा दिवसात विश्रांतीचे तीन-चार तुकडे सहज पडतात. सरावाने विश्रांती कमीत कमी मोडावी, असेही करार सांगतो. नोंद कार्ड लावून होते. दोन मुलांनी मला सांगितले, की त्यांना कार्डावर काम संपल्याची नोंद करून पुढे काम करायला सांगितले जाई. त्यांची जहाजे वेगवेगळी होती. मी सगळीकडे असेच चालते असे म्हणत नाही. कागदावरची विश्रांती आणि अंगाला मिळालेली विश्रांती यांची तुलना मात्र मुलाने स्वतःच्या वहीत रोज करावी, हे मी भाच्याला शिकवले. तारीख, सुरू, बंद. तक्रार करायची वेळ आली, तर वही असलेल्याचे बोलणे ऐकले जाते. याच करारात तक्रारीची पद्धत आहे, आणि बंदरातल्या अधिकाऱ्याकडेही तक्रार करता येते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

किनाऱ्यावर उतरण्याचीही तरतूद त्यात आहे. कामाच्या गरजेला धरून, आरोग्यासाठी आणि मनःस्वास्थ्यासाठी माणसाला बंदरात उतरू द्यावे, असे करार म्हणतो. 'कामाच्या गरजेला धरून' या तीन शब्दांत रोम अडकून पडले आहे. २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने इंटरनेटची सोयही मालकाच्या कर्तव्यांत आणली. शक्य तिथे ती द्यावी आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावे. बहिणीच्या दृष्टीने सगळ्या करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम हेच.

अडीच लाखांचा प्रश्न

हा लेख लिहायला घेतला त्याचे जवळचे कारण वेगळे आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातला एक ओळखीचा शेतकरी माझ्याकडे आला. मुलाला जहाजावर लावायचे होते. एका माणसाने अडीच लाख मागितले होते, चाळीस हजार दिलेले होते, उरलेल्यांसाठी दोन एकर गहाण टाकायची तयारी चालली होती. "तुमचा भाचा हाय ना तिथं, भाऊ? त्यानं किती देल्ले?" असे त्याने विचारले.

भाच्याने नोकरीसाठी दलालाला काही दिले नव्हते. आणि द्यायचे नसतेच. याच करारानुसार जहाजावर नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, जहाजी नोंदवही असे खर्च तेवढे त्याचे. भारतात भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल क्रमांक म्हणतात आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मूलभूत सुरक्षेची प्रशिक्षणे, म्हणजे पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार इत्यादी, मान्यताप्राप्त संस्थेतून करावी लागतात, त्यांची फी वेगळी आणि पावतीची.

आम्ही दोघांनी मिळून तो क्रमांक मागितला. समोरच्या माणसाने आधी उद्या देतो म्हटले, मग फोन उचलणे बंद केले. चाळीस हजार गेले. जमीन राहिली.

तो शेतकरी पुढे आणखी एक प्रश्न घेऊन आला, आणि त्याचे उत्तर द्यायला मला जड गेले. "मग पोराले पाठवाव का नाही?" मी त्याला हा तासवार हिशेब वाचून दाखवला. पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ, मधल्या सुट्या, राखणीचा वार, न पाहिलेले रोम. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "तेवढे तास तर आमी वावरातबी करतो. तिथं महिन्याच्या महिन्याले पैसे तरी भेटते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगा आता सुरक्षेचे प्रशिक्षण घेतो आहे, पावतीवर.

गोव्याच्या माणसांजवळ कूड होते. आमच्याजवळ ते नाही. निदान परवाना क्रमांक विचारण्याची आणि वही ठेवण्याची सवय तरी गावोगाव पोचावी.

भाचा या दिवाळीला घरी नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याचे जहाज बंदरात आहे, पालटाचा दिवस आहे. बहिणीला मी समजावून सांगितले, की त्या दिवशी दिवेलागणीला फोन येणार नाही. तेव्हा नवे प्रवासी चढत असतील. आपल्याकडे मध्यरात्र उलटेल, तेव्हा कुठे तो मोकळा होईल. ती म्हणाली, पणत्यांत तेल जरा जास्त घालून ठेवीन.